न फिरणारी उत्तर

अथेन्स नगरीत, रोमन काळच्या बाजारपेठेचे भग्नावशेष जेथे संपत येतात तेथे, पेंटेली डोंगराच्या शुभ्र संगमरवरात घडवलेला सुमारे १२ मीटर उंचीचा एक अष्टकोनी मनोरा उभा आहे. तो कायऱ्हस या गावच्या अँड्रोनिकस नावाच्या ज्योतिर्विदाने ख्रिस्तपूर्व काळात बांधला. त्याच्या आठही अंगांवर, अगदी वरच्या पट्टीत, आठ वाऱ्यांच्या सपंख मूर्ती कोरलेल्या आहेत: उत्तरेचा बोरिअस जाड वस्त्र पांघरून हातातला शंख फुंकतो आहे, ईशान्येचा काइकिअस ढालीतून गारा ओततो आहे, दक्षिणेच्या नोटसने पाण्याचा कुंभ उपडा केला आहे आणि पश्चिमेचा तरुण झेफिरस ओच्यातली फुले उधळीत चालला आहे. मनोऱ्याच्या माथ्यावर कांशाचा एक ट्रायटन, म्हणजे ग्रीकांचा अर्धमानव अर्धमत्स्य असा सागरदेव, बसवलेला होता, असे व्हिट्रुव्हिअस हा रोमन स्थापत्यकार आपल्या ग्रंथात सांगतो. वारा फिरला की तो ट्रायटनही फिरे, वाऱ्याकडे तोंड करून स्थिरावे, आणि त्याच्या उजव्या हातातील दंड ज्या वाऱ्याची सत्ता चालू असेल त्याच्या मूर्तीच्या नेमका वर येई.

तो ट्रायटन आज नाही. दोन सहस्रकांच्या उलथापालथीत मनोऱ्याचा जो भाग फिरत होता तो नाहीसा झाला, आणि जो फिरत नव्हता तो जवळजवळ अभंग राहिला. वाऱ्याची दिशा सांगणाऱ्या साधनांचा इतिहास वाचताना माझे मन पुनःपुन्हा या मनोऱ्याशी येऊन थांबले, याचे कारण असे की आपण सारे कौतुक त्या फिरणाऱ्या पात्याचे करतो. परंतु पाते स्वतःच्या बळावर काहीच सांगू शकत नाही. ते फिरते एवढेच. त्याच्या फिरण्याला अर्थ देतात त्या भिंतीवर पक्क्या कोरलेल्या आठ दिशा. त्या दिशा चुकीच्या अंगावर कोरल्या गेल्या असत्या, तर ट्रायटनने सारे आयुष्य मोठ्या इमानाने खोटी साक्ष दिली असती.

व्हॅरो या रोमन विद्वानाने ख्रिस्तपूर्व ३७ साली शेतीवर लिहिलेल्या ग्रंथात आपल्या कासिनम येथील वाडीतल्या पक्षिगृहाचे वर्णन केले आहे, आणि त्यात या अथेन्सच्या मनोऱ्याचा स्पष्ट उल्लेख येतो. पक्षिगृहाच्या मधोमध एक घुमट होता. त्याच्या आतल्या बाजूस आठ वाऱ्यांचे वर्तुळ रेखलेले होते. आणि छपरावरील पात्याचा आस घुमटातून खाली आणून त्याला एक काटा जोडला होता, जेणेकरून आत पंगतीला बसलेल्या पाहुण्यांना जागेवरून न उठता बाहेर कोणता वारा सुटला आहे हे कळावे. छपराखालच्या माणसाला छपरावरची वार्ता पोहोचवण्याची ही तजवीज इतकी साधी आणि इतकी संपूर्ण आहे, की पुढील सतराशे वर्षांत तिच्यात मूलभूत अशी भर कोणी घातली असे मला दिसत नाही.

आपल्याकडेही या विषयाचा विचार झाला होता, आणि तो ज्या क्रमाने झाला तो क्रम मला फार मोलाचा वाटतो. सहाव्या शतकातील वराहमिहिराच्या बृहत्संहितेत पर्जन्याचे पूर्वज्ञान देणाऱ्या अध्यायांत रोहिणीयोगाचा एक अध्याय आहे. आषाढातल्या कृष्णपक्षात चंद्र रोहिणीशी युक्त होतो त्या वेळी कोणत्या दिशेने वारा वाहतो हे पाहण्यासाठी उंच दंडावर काळ्या वस्त्राची पताका उभारावी, असे तो तेथे सांगतो. परंतु त्याच श्लोकात, वारा पाहण्याच्या आधी, दिशांचे ग्रहण करून घ्यावे अशी त्याची आज्ञा आहे. प्रथम दिशासाधन, मग पताका. त्या वाऱ्यावरून वराहमिहिराने जी फले सांगितली ती आजच्या शास्त्राला मान्य होण्यासारखी नाहीत. परंतु निरीक्षणाची ही शिस्त मात्र आजही तसूभर बदललेली नाही.

ते दिशासाधन कसे करीत, हेही थोडक्यात सांगावयास हवे. कात्यायनाच्या शुल्बसूत्रात दिलेली रीत अशी, की सपाट जमिनीवर एक शंकू, म्हणजे सरळ खुंटी, उभी ठोकावी, तिच्याभोवती तिच्याच उंचीच्या दोरीने वर्तुळ काढावे, आणि सकाळी शंकूच्या सावलीचे टोक वर्तुळाला जेथे शिवेल व दुपारनंतर पुन्हा जेथे शिवेल, त्या दोन बिंदूंवर खुणा कराव्यात. त्या दोन खुणांना जोडणारी रेषा ती पूर्वपश्चिम. यास लोहचुंबकाची गरज नाही. उलट चुंबकसूची जी उत्तर दाखवते ती भौगोलिक उत्तरेपासून थोडीफार ढळलेली असते. महाराष्ट्रात हा फरक एका अंशाच्या आतबाहेरच राहतो, परंतु पृथ्वीच्या काही भागांत तो दहावीस अंशांपर्यंत जातो, आणि तेथे केवळ सूचीच्या भरवशावर वातदर्शक बसवणे म्हणजे पहिल्याच दिवशी दप्तर बिघडवणे होय. हवामानाच्या नोंदीत वाऱ्याची दिशा जगभर भौगोलिक उत्तरेपासूनच मोजली जाते.

आता पाते फिरते कसे, हे पाहू. शाळेच्या पुस्तकात वातकुक्कुटाचे चित्र असते आणि त्याखाली वाऱ्याची दिशा दाखवणारे उपकरण एवढेच लिहिलेले असते. परंतु या कोंबड्याचे तोंड वाऱ्याकडेच का वळते आणि शेपूट का नाही, हा प्रश्न क्वचितच कोणी विचारतो. त्याचे उत्तर एका जाणूनबुजून राखलेल्या विषमतेत आहे. ज्या उभ्या आसावर कोंबडा बसवलेला असतो त्याच्या पुढे छाती, मान आणि चोच एवढाच अरुंद भाग येतो, तर मागे पिसाऱ्याचा रुंद विस्तार राहतो. कोंबडा वाऱ्याशी तिरपा झाला की पुढच्या व मागच्या दोन्ही भागांवर वारा दाब देतो. परंतु मागचे क्षेत्र मोठे आणि आसापासून दूर असल्यामुळे त्या दाबाचे परिबल वरचढ ठरते व पिसारा वाऱ्याच्या ओघात मागे लोटला जातो. तोंड थेट वाऱ्यात आले की दोन्ही बाजूंचा दाब सारखा होतो आणि फिरणे थांबते. तत्त्वतः शेपूट वाऱ्याकडे करूनही पाते क्षणभर उभे राहू शकते. पण त्या अवस्थेत किंचित ढळले की वारा त्याला परत न आणता अधिकच दूर लोटतो, म्हणून ती अवस्था टिकत नाही.

क्षेत्राच्या बाबतीत विषमता हवी, पण वजनाच्या बाबतीत समता हवी, हे या कारागिरीचे मर्म आहे. पिसारा मोठा म्हणून जड झाला आणि चोचीकडचा भाग हलका राहिला, तर आस केसभर कलला तरी जड बाजू उताराकडे ओढली जाईल, आणि मंद वाऱ्यात पाते वाऱ्याचे न ऐकता आपल्या वजनाचे ऐकेल. म्हणून जाणता कारागीर पुढच्या लहान भागात शिसे भरतो किंवा तेथे धातूचा भरीव गोळा बसवतो, जेणेकरून गुरुत्वमध्य बरोबर आसावर यावा. वेधशाळेतील पात्याला सौंदर्याची अपेक्षा नसते. तेथे आडव्या दांड्याच्या एका टोकास असे वजन असते आणि दुसऱ्या टोकास एकमेकांशी लहानसा कोन करून जोडलेले दोन पत्रे असतात. एकच सपाट पत्रा वाऱ्याच्या झोतात डावीउजवीकडे फार हेलकावे खातो. दोन पत्र्यांची फाकलेली शेपटी लहानशा ढळण्यालाही लगेच दाद देते आणि लवकर स्थिरावते.

या यंत्राचा एक दोष मात्र असा आहे की तो त्याच्या जन्माबरोबरच आला आहे. वारा पडला की पाते जेथे असेल तेथे थबकते. बोलायला काही नसतानाही ते कोठे तरी बोट दाखवीतच राहते. सकाळच्या निवांत हवेत आग्नेयेकडे तोंड करून उभा असलेला कोंबडा पाहून आग्नेयेचा वारा वाहतो आहे असे जो लिहील, तो वस्तुतः मध्यरात्री केव्हा तरी मरून गेलेल्या एखाद्या झुळकेची नोंद आजच्या तारखेला करीत असतो. म्हणून हवामानशास्त्राच्या शिरस्त्याप्रमाणे उत्तरेच्या वाऱ्याची नोंद ३६० अंश अशी करतात आणि शून्य हा आकडा केवळ निर्वात अवस्थेसाठी राखून ठेवतात. निर्वात आहे हे पाते सांगू शकत नाही; ते माणसालाच झाडाच्या पानांकडे, धुराच्या रेषेकडे, वेगमापकाच्या वाट्यांकडे पाहून ठरवावे लागते.

कोंबडा या यंत्रावर कसा आला, याचे मूळ ख्रिस्ती धर्मकथेत आहे. कोंबडा आरवण्यापूर्वी तू मला तीन वेळा नाकारशील, असे येशूने आपला शिष्य पीटर याला सांगितले होते. त्या प्रसंगाचे स्मरण म्हणून, आणि पहाटेचा जागल्या म्हणूनही, युरोपातील चर्चच्या शिखरांवर कोंबडा विराजमान झाला. आज अस्तित्वात असलेला सर्वांत जुना वातकुक्कुट इटलीतील ब्रेश्चा शहरी आहे. तेथील बिशप राम्पेर्तो याने तो नवव्या शतकाच्या पूर्वार्धात करवून घेतला, आणि तो आता सांता जुलिया येथील संग्रहालयात ठेवला आहे. अकराव्या शतकातील बायोच्या सुप्रसिद्ध भरतपटावर लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीच्या छपरावर चढून कोंबडा बसवणारा एक मनुष्य भरलेला आहे. उत्तरेकडील व्हायकिंग लोकांनी मात्र कोंबड्याऐवजी सोनेरी मुलाम्याचे, चतुर्थांश वर्तुळाच्या आकाराचे नक्षीदार पत्रे पसंत केले. अमेरिकेतील बॉस्टनच्या फॅन्युइल हॉलवर शेम ड्राउन या कारागिराने १७४२ साली घडवलेला तांब्याचा नाकतोडा आहे. जॉर्ज वॉशिंग्टनने १७८७ साली आपल्या माउंट व्हर्नन येथील घरासाठी शांततेचे प्रतीक म्हणून कबुतर करवून घेतले.

पॅरिसच्या नोत्र-दाम चर्चचा कोंबडा तर आपल्या पिढीने पाहिलेल्या घटनेशी जोडलेला आहे. १५ एप्रिल २०१९ च्या आगीत शिखर कोसळले, त्याबरोबर तोही खाली आला, आणि दुसऱ्या दिवशी ढिगाऱ्यात चेपलेल्या अवस्थेत सापडला. मुख्य स्थापत्यकार फिलीप व्हिलनव यांनी त्याच्या जागी नव्या कोंबड्याचा आराखडा केला. १६ डिसेंबर २०२३ रोजी तो शिखरावर चढला, तेव्हा त्याच्या पोटात पवित्र अवशेषांबरोबर पुनर्बांधणीसाठी राबलेल्या सुमारे दोन हजार माणसांच्या नावांची यादीही ठेवण्यात आली. गवंडी, सुतार, पाथरवट यांची नावे इतक्या उंचीवर जावीत, याचा मला मनापासून आनंद वाटतो.

परंतु वातदर्शकाकडे डोळे लावून बसण्याची पाळी एखाद्या राज्यावर कशी येते, हे पाहावयाचे असेल तर १६८८ सालच्या लंडनला जावे लागेल. इंग्लंडचा राजा दुसरा जेम्स याच्यावर त्याचा जावई, हॉलंडचा विल्यम, समुद्रमार्गे चालून येण्याच्या तयारीत होता. त्या काळच्या चौकोनी शिडांच्या जहाजांना वाऱ्याच्या उगमदिशेशी साठसत्तर अंशांपेक्षा कमी कोन करून चालता येत नसे. त्यामुळे वारा पश्चिमेचा असेल तर विल्यमला हॉलंडमधून निघता येत नव्हते, आणि तो पूर्वेचा झाला की विल्यम निघणार, हे लंडनमधील प्रत्येकास ठाऊक होते. जेम्सने व्हाइटहॉल येथील बँक्वेटिंग हाउसच्या छपरावर वातदर्शक बसवलेला होता. तो आजही तेथे आहे. ऑक्टोबरात विल्यमचे आरमार एकदा निघाले आणि पश्चिमेच्या वादळाने परत फिरवले. नोव्हेंबरच्या आरंभी पूर्वेचा वारा सुटला. त्या एकाच वाऱ्याने विल्यमला इंग्लिश खाडीतून पश्चिमेकडे नेले आणि एसेक्सच्या किनाऱ्याजवळ नांगरून पडलेल्या इंग्रजी आरमाराला मात्र वेळेवर बाहेर पडू दिले नाही. तत्कालीन पंचांगाप्रमाणे ५ नोव्हेंबर रोजी, टॉर्बे येथे वारा अनुकूल फिरला आणि विल्यमचे सैन्य जमिनीवर उतरले. पुढे काही आठवड्यांतच जेम्स देश सोडून गेला.

विल्यम राजा झाला, आणि त्याने काय केले, तर केन्सिंग्टन राजवाड्याच्या एका दालनात, शेकोटीच्या वरच्या भिंतीवर, १६९४ साली वाऱ्याची तबकडी बसवून घेतली. रॉबर्ट मॉर्डनने काढलेल्या पश्चिमोत्तर युरोपच्या नकाशावर दिशांचे वर्तुळ आहे, मध्ये काटा आहे, आणि तो काटा छपरावरील पात्याला जोडलेला आहे. व्हॅरोच्या पक्षिगृहातील युक्तीच ती. फरक एवढाच की व्हॅरोचे पाहुणे कुतूहलाने पाहत, आणि हा राजा आपले आरमार आज निघू शकेल काय व शत्रूचे येऊ शकेल काय हे पाहत असे. लंडनच्या नौदल कचेरीतील सभागृहातही अठराव्या शतकाच्या आरंभीची अशीच तबकडी आहे. ज्या वाऱ्याने त्याला सिंहासन दिले होते, तो दुसऱ्या कोणालाही तसेच देऊ शकतो, हे विल्यमइतके कोणास कळले असेल!

आपल्या पश्चिम किनाऱ्याला अशा तबकडीची निकड कधी भासली नाही, कारण आपला वारा वर्षातून दोनदा, ठरलेल्या ऋतूत, दिशा पालटतो. जूनपासून सप्टेंबरपर्यंत नैर्ऋत्येचा व पश्चिमेचा जोर. त्या काळात मराठ्यांचे आरमारही बंदरात ओढून ठेवले जाई, आणि कोळी बांधव नारळी पौर्णिमेला समुद्राची पूजा करून मगच होड्या पाण्यात लोटीत. दिवाळीच्या सुमारास तो जोर ओसरलेला असतो, आणि मग किनाऱ्यावर दिवसाची लय प्रकट होऊ लागते: पहाटे जमिनीवरून समुद्राकडे जाणारा मतलई वारा, आणि उन्हे तापली की समुद्रावरून येणारा खारा वारा. आश्विन-कार्तिकात कोकणातल्या एखाद्या वातदर्शकाजवळ सकाळपासून तिसऱ्या प्रहरापर्यंत बसून राहिले, तर पाते पूर्वेकडून पश्चिमेकडे वळताना प्रत्यक्ष पाहावयास मिळते.

मुंबईची कुलाबा वेधशाळा १८२६ साली स्थापन झाली. भारतीय हवामान विभाग १८७५ साली. आणि त्या विभागाचे मुख्य कार्यालय १९२८ साली सिमल्याहून पुण्यास आले, म्हणून शिवाजीनगरच्या त्या इमारतीला पुणेकर अद्याप सिमला ऑफिस म्हणतात. या दीर्घ परंपरेत पात्याखाली उभे राहून नोंद करणारी जी माणसे होऊन गेली, त्यांची नावे इतिहासात येत नाहीत. त्यांच्यापैकी एका निवृत्त निरीक्षकांशी माझे बोलणे झाले. सकाळी साडेआठ आणि सायंकाळी साडेपाच, या दोन वेळा त्यांच्या अंगात इतक्या मुरल्या आहेत की आजही त्या वेळी त्यांचा हात घड्याळाकडे जातो. त्यांनी मला पहिलीच गोष्ट सांगितली ती अशी: "पातं लांबून बघायचं नाही. बरोबर खांबाखाली जाऊन मान वर करायची. बाजूने बघाल तर ईशान्येचं उत्तर दिसतं." दुसरी गोष्ट ही, की एका नजरेत लिहून मोकळे व्हायचे नाही, वारा काही मिनिटे पाहत राहायचा, आणि तो कोणत्या दिशेभोवती झुलतो आहे ते मनाशी ठरवून मग पेन्सिल उचलायची.

हे ठरवणेही वाटते तितके सरळ नाही. पाते एकदा ३५० अंश दाखवते आणि एकदा १० अंश. या दोन आकड्यांची बेरीज करून निम्मे केले तर १८० येतात, म्हणजे उत्तरेचा वारा दक्षिणेचा होऊन बसतो. माणसाचा डोळा ही चूक करीत नाही. यंत्राला मात्र प्रत्येक दिशेचे उत्तरदक्षिण आणि पूर्वपश्चिम असे दोन घटक वेगळे करून, त्यांची सरासरी घेऊन, मग पुन्हा दिशा काढावयास शिकवावे लागते. हवामानाच्या नियमित निवेदनासाठी अशी सरासरी दहा मिनिटांची घेतात.

आणखी एक प्रश्न उंचीचा व मोकळेपणाचा. जमिनीपासून १० मीटर उंचीवर, आणि जवळच्या कोणत्याही अडथळ्यापासून त्या अडथळ्याच्या उंचीच्या निदान दहापट अंतरावर पाते असावे, असा आंतरराष्ट्रीय संकेत आहे. घराच्या छपरावरचा वातकुक्कुट दिसायला शोभिवंत. पण भिंतीवर आपटून वर उसळलेला वारा छपराच्या कडेशी फुटतो, त्याचे भोवरे होतात, आणि त्या भोवऱ्यात सापडलेले पाते कधी कधी पूर्ण गिरक्या घेत राहते. वेधशाळांचे दुर्दैव असे की त्या गावाबाहेर मोकळ्या माळावर बांधल्या गेल्या, आणि गाव त्यांच्याकडे चालत आले. पूर्वेकडे लावलेली वडाची रोपे वीस वर्षांत पात्याच्या उंचीची झाली, पश्चिमेस चार मजली इमारत उठली, आणि नोंदवहीत पश्चिमेचा वारा हळूहळू कमी होऊ लागला. हा हवामानाचा बदल की इमारतीचा, हे पन्नास वर्षांनंतर दप्तर उघडणाऱ्याने कसे ओळखावे?

पवनचक्क्यांच्या प्रदेशात, सातारा जिल्ह्यातील वनकुसवड्याच्या पठारावर किंवा धुळे जिल्ह्यातील ब्राह्मणवेलच्या माळावर गेले, तर त्या प्रचंड पात्यांच्या मागे, यंत्रपेटीच्या पाठीवर, एक हातभर आकाराचा वातदर्शक असतो. तो सांगेल तिकडे ते अवजड यंत्र तोंड वळवते. तो पाच अंशांनी वाकडा बसला तरी यंत्र सारा वेळ वाऱ्याशी पाच अंश तिरपे राहते, आणि वीज कमी निघत राहते. बाहेरून पाहणाऱ्यास काहीही बिघडलेले दिसत नाही.

अलीकडे तर फिरणारे पातेच नाहीसे होत चालले आहे. नव्या स्वयंचलित केंद्रांत ध्वनीच्या लहरींवर चालणारे वातमापक असतात: समोरासमोरच्या टोकांमधून ऐकू न येणारा ध्वनी जाऊन येतो, वाऱ्याबरोबर जाताना त्याला कमी वेळ लागतो व वाऱ्याविरुद्ध जाताना अधिक, आणि त्या वेळांच्या फरकावरून वेग व दिशा दोन्ही निघतात. त्यात झिजायला आस नाही, तेल घालायला बेअरिंग नाही. परंतु त्या उपकरणाच्या बुडाशीही उत्तरेची एक खूण कोरलेली असते, आणि ती खरोखर उत्तरेकडे वळवून स्क्रू आवळण्याचे काम खांबावर चढलेल्या माणसालाच करावे लागते.

वाऱ्याच्या जुन्या नोंदी आता अंकरूपाने संगणकात उतरवल्या जात आहेत, ही आनंदाची गोष्ट आहे. पण आकड्यांबरोबर प्रत्येक केंद्राचा स्थानेतिहासही उतरवला गेला पाहिजे, असे मला कळकळीने वाटते: खांब कोणत्या साली हलवला, उत्तर कोणत्या रीतीने साधली, पात्याचा आस केव्हा बदलला, भोवतीची झाडे किती वाढली, शेजारची इमारत केव्हा उठली. हा मजकूर बहुधा निरीक्षकांच्या शेऱ्याच्या रकान्यात, पेन्सिलीने, आडवातिडवा लिहिलेला असतो, आणि नक्कल करणारा तोच रकाना सर्वांआधी वगळतो. ते शेरे लिहिणाऱ्यांपैकी काही जण आज हयात आहेत, आणि कोणता खांब कोठे होता हे त्यांना तोंडपाठ आहे. त्यांच्याकडे जाऊन ते विचारून घेण्याचे काम या हिवाळ्यातच सुरू व्हावे.